अर्धं वचन

पहाटे सव्वापाचला आमच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो. मिस्टरांची पहिली पाळी असली की चाकणकडे जाणारी कंपनीची बस पावणेसहाला चौकात येते आणि ती कुणासाठी थांबत नाही. एका शेगडीवर चहा, दुसरीवर तवा. हात पोळ्या लाटत असतात आणि ओठ हलत असतात. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मिस्टरांना हळूच विचारलं होतं, ‘ही एकटीच कुणाशी बोलते रे?’

कुणाशी नाही. मी बायबलमधला एखादा उतारा म्हणत असते. आजीकडून आलेली सवय आहे ती. या सवयीनं मला आयुष्यात खूप दिलं. पण एकदा याच सवयीमुळे माझ्या हातून एका बाईचं मोठं नुकसानही झालं. मैत्रिणींनो, आज या दोन्ही गोष्टी तुम्हाला सांगायच्या ठरवल्या आहेत.

मी ख्रिस्ती घरात वाढले. माझं माहेर नेवासे तालुक्यातलं आणि सासर चिंचवडचं. म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांनी जिथं ज्ञानेश्वरी सांगितली ते नेवासं माहेरी, आणि त्यांनी जिथं समाधी घेतली ती आळंदी सासरच्या शेजारी. त्यामुळे पाठांतर ही गोष्ट मला कधी कुठल्या एका धर्माची वाटलीच नाही. संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या ओसरीवर हरिपाठ चालायचा आणि आमच्या ओट्यावर आजीची स्तोत्रं. कुणाचं कुणाला अडत नव्हतं.

आजीला अक्षरओळख नव्हती. नगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरमध्ये) अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून सुरू झालं होतं. या मिशनच्या ‘बायबल बाया’ घरोघर फिरून बायकांना गोष्टी सांगायच्या, वचनं शिकवायच्या. आजी नवी नवरी असताना अशीच एक बाई आठवड्यातून एकदा यायची आणि जात्यापाशी बसायची. ती एक वाक्य सांगायची, आजी दळता दळता ते घोळवायची. पुढच्या आठवड्यात मागचं म्हणून दाखवल्याशिवाय नवं मिळायचं नाही. एखादं वचन पक्कं होईपर्यंत आजी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायची. विसरलं असं वाटलं की गाठ हाताला लागायची. वचन बसलं की गाठ सुटायची. अशा रीतीनं तिनं देवाला मेंढपाळ म्हणणारं तेविसावं स्तोत्र पाठ केलं, सहा वचनांचं. मग डोंगरांकडे बघून मदत कुठून येईल असं विचारणारं एकशे एकविसावं, आठ वचनांचं. म्हातारपणी मोतीबिंदूनं डोळे गेले, पण तिचं वाचन काही थांबलं नाही. कारण ती डोळ्यांनी कधी वाचतच नव्हती!

माझी गोष्ट वेगळी. मी शाळेत जाणारी, चुणचुणीत मुलगी. चर्चच्या संडे स्कूलमध्ये दर रविवारी एक ‘सोनेरी वचन’ मिळायचं. एका छोट्याशा कार्डावर एक वाक्य, खाली अध्याय आणि आकडा. पुढच्या रविवारी ते घडाघडा म्हणून दाखवायचं. वर्षाअखेर ज्याची सगळी वचनं पाठ, त्याला बक्षीस. तीन वर्षं पहिलं बक्षीस माझं. एकदा स्टीलचा डबा, एकदा कंपासपेटी, एकदा शाई भरायचं पेन. मी म्हणायला लागले की मोठी माणसं कौतुकानं मान डोलवायची. आजी मात्र एकदा म्हणाली, ‘लई भरभर म्हणतीस गं. गाडी चुकायचीय का?’ मी हसण्यावारी नेलं.

पुढे नगरला बी. ए. झाले, २००१ मध्ये लग्न होऊन चिंचवडला आले. हा सगळा पट्टा तेव्हा बदलत होता. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची वसाहत १९५४ पासूनची, भोसरी आणि आकुर्डीचे कारखाने त्यानंतरचे. आता चाकण, म्हाळुंगे, कुरुळी, खराबवाडी इकडे कंपन्यांची रांग लागली होती. जालना, बीड, लातूर, नांदेडकडून माणसं येत होती. दहा बाय दहाच्या खोल्या, बाहेर एक नळ, आणि कंत्राटावरची नोकरी. मूल थोडं मोठं झाल्यावर मी बचत गटांचं काम हाती घेतलं. हिशेबाच्या वह्या तपासायच्या, बँकेत खातं काढून द्यायचं. शिवाय आमच्या ख्रिस्ती बायकांची आठवड्याची प्रार्थनासभा असायची, तिथं बोलायची जबाबदारीही हळूहळू माझ्याकडे आली. पाठांतर दांडगं होतं ना! कुठल्याही प्रसंगाला माझ्याकडे एक वचन तयार असायचं. कुणी आजारी, हे घे वचन. कुणाचं काम सुटलं, हे घे वचन.

२०११ मधल्या एका दुपारी ती माझ्याकडे आली. नाव सांगत नाही. जालना जिल्ह्यातून आलेली, दोन मुलं, नवरा चाकणला कंत्राटी कामगार. वरचा ओठ सुजलेला होता. पदरानं झाकून घेत होती. नवरा दारू प्यायला की मारायचा. ‘ताई, मी काय करू? माहेरी जाऊ का?’ तिनं विचारलं.

मला त्या दिवशी बँकेत जायची घाई होती. आणि खरं सांगू? मला भीतीही वाटली. घर मोडायचा सल्ला दिला असं उद्या कुणी म्हणालं तर? मी माझ्या ठेवणीतलं वचन काढलं. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, आमच्यात तो प्रीतीचा अध्याय म्हणून ओळखला जातो. लग्नात हमखास वाचतात. त्यातलं सातवं वचन प्रीतीच्या सोशिकपणाबद्दल आहे. नऊ वर्षांची असताना त्याच वचनावर मला कंपासपेटी मिळाली होती. ते मी तिला तीन-चारदा म्हणायला लावलं. ‘रोज म्हण, धीर येईल,’ असं सांगून तिला घरी पाठवलं. वर तिच्यासोबत प्रार्थनाही केली. ती जाताना समाधानी दिसली. मीही खूश होते.

सतराव्या दिवशी तिच्या बहिणीचा फोन आला. ती इस्पितळात होती. डावा हात दोन ठिकाणी मोडला होता. मी धावतपळत गेले. प्लास्टरमधला हात छातीशी धरून ती पडली होती. मला बघून रडली नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, ‘ताई, मी रोज म्हणत होते. तुम्ही सांगितलं तसं.’

त्या रात्री मी बायबल उघडलं आणि तो अध्याय पहिल्यापासून सावकाश वाचला. सगळा मिळून तेरा वचनांचा. सातव्याच्या अगदी वरच्या दोन ओळी बघितल्या आणि माझे हात गार पडले. प्रीती वेडंवाकडं वागत नाही, पटकन भडकत नाही, अन्यायात तिला आनंद नसतो, ती सत्याच्या बाजूनं उभी राहते, असा त्यांचा अर्थ. म्हणजे तो नवरा जे करत होता त्याला हा अध्याय प्रीती म्हणायलाच तयार नव्हता! आणि मी मात्र तिला फक्त सोसण्याची ओळ कापून दिली होती. पाचवं आणि सहावं वचन मी लग्नांमध्ये शंभरदा ऐकलं असेल. पण माझ्या कार्डावर ते छापलेलं नव्हतं, म्हणून ते माझ्या पाठांतरात नव्हतं. आणि पाठांतरात नव्हतं म्हणून त्या दुपारी तोंडावरही आलं नाही.

एक गोष्ट मला तेव्हा नव्यानं कळली. हे जे वचनांचे आकडे आहेत, ते मूळ लिहिणाऱ्यानं घातलेले नाहीतच. पौलानं करिंथच्या लोकांना सलग पत्र लिहिलं होतं, आपण माहेरी लिहायचो तसं. नव्या कराराला आज जे वचनांचे आकडे आहेत ते रॉबर्ट एस्टिएन नावाच्या एका छपाईवाल्यानं १५५१ मध्ये घातले. शोधायला सोपं जावं म्हणून. सोय चांगलीच आहे. पण आकड्यांमुळे तुकडे पडले, आणि तुकडा उचलायला फार सोपा असतो.

अर्ध्या वचनाचा धोका खुद्द बायबललाही ठाऊक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात सैतान येशूची परीक्षा घ्यायला येतो, तेव्हा तो शिव्याशाप देत नाही. तो वचनच म्हणून दाखवतो! एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातलं, देवदूत तुला सांभाळतील या अर्थाचं. ‘मग मार उडी मंदिराच्या टोकावरून,’ असं सुचवतो. येशूही पाठ असलेल्या वचनांनीच उत्तर देतो, तीनही वेळा अनुवाद या पुस्तकातून. पण त्याला वचन तर पाठ होतंच, शिवाय ते कुठं लागू होतं हेही माहीत होतं. नुसतं पाठ असणं तर सैतानालाही जमतं. लहानपणापासून ही गोष्ट ऐकलेली मी, मला ते बत्तिसाव्या वर्षी उमगलं.

तिच्याविषयी पुढं सांगते. ती बरी होईपर्यंत बहिणीकडे मोशीला राहिली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तेव्हा लागू होऊन पाच वर्षं झाली होती. बचत गटाच्या कामामुळे मला संरक्षण अधिकारी म्हणजे काय हे माहीत होतं. माहीत असूनही पहिल्या दिवशी तिला तिकडे नेण्याऐवजी मी वचन हातात दिलं होतं, ही बोच आजही आहे. या वेळी मी तिच्याबरोबर गेले. अर्ज केला, तारखा झाल्या, बरेच दिवस गेले. नातेवाइकांपैकी एका वडीलधाऱ्यांनी तिला इफिसकरांच्या पत्रातलं वचन ऐकवलं, बायकोनं नवऱ्याच्या अधीन राहावं ते. बावीस नंबरचं. या खेपेला मी तयार होते. त्याच्या वरच्याच ओळीत सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन राहावं असं आहे, आणि बायकांचं तीन वचनांत आटोपल्यावर पंचविसाव्यापासून नवऱ्यांना जे सांगितलंय ते बरंच लांब आहे. ख्रिस्तानं जसं स्वतःला देऊन टाकलं तशी बायकोवर प्रीती करावी, तिला स्वतःच्या शरीरासारखं जपावं, असं. आपलाच हात कुणी दोन ठिकाणी मोडतं का? मी त्या काकांना नम्रपणे म्हटलं, ‘काका, पुढचंही म्हणून दाखवा ना.’ त्यांना ते येत नव्हतं. मला त्यांचा राग आला नाही, कारण दोन महिन्यांपूर्वी मलाही आलं नसतं.

या सगळ्या दिवसांत मला पंडिता रमाबाई पुन्हा वाचाव्याशा वाटल्या. १८५८ मध्ये जन्मलेल्या या बाईंना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईनं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करला होता. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराणं वाचून दाखवत जगत होतं. रमाबाईंना लहान वयात हजारो श्लोक मुखोद्गत होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्या वेळी त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळात वाऱ्यावर पडलेल्या मुली-बायकांसाठी.

मराठी बायबल तेव्हा नव्हतं असं नाही. बंगालमधल्या सेरामपूरहून विल्यम कॅरी यांनी मराठी नवा करार १८११ मध्येच छापला होता. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं होतं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. तरी रमाबाईंना वाटलं की खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बाईला समजेल अशा साध्या मराठीत बायबल हवं. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीच्या छापखान्यात मुली-बायकांनीच खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी हे काम त्यांनी हातावेगळं केलं होतं.

मला नेहमी वाटतं, पाठांतराची ताकद या बाईइतकी कुणाला माहीत असणार? तरी आयुष्याची शेवटची वर्षं तिनं बायकांना अर्थ कळावा म्हणून घालवली. आम्ही गटातल्या अकरा जणी एकदा रेल्वेनं केडगावला जाऊन आलो. परतताना गाडीत ठरलं, की आता आपण सुटं वचन पाठ करायचं नाही. करायचा तर अख्खा उतारा.

त्यातून आमची एक रीत तयार झाली. तुमचा धर्म कुठलाही असो, ही रीत तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर सांगते.

महिन्याला एकच उतारा घ्यायचा, सहा ते तेरा वचनांचा. पहिला आठवडा पाठ करायचंच नाही. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मग चार प्रश्न. हे कोण बोलतंय? कुणाला? त्या वेळी काय घडलं होतं? याच्या आधी आणि नंतर काय आहे? त्यानंतर प्रत्येकीनं तो उतारा आपल्या भाषेत सांगायचा, शेजारणीला सांगावा तसा. हसायला येतं, पण अर्थ तिथंच कळतो. आमच्यातली एक बाई तेविसावं स्तोत्र सांगताना म्हणाली, ‘म्हणजे बघा, अंधारातनं दुसरी पाळी सुटल्यावर मी तळेगाव चौकातनं चालत येते ना, तेव्हा सोबत कुणीतरी आहे असं.’ तेवढ्यात आम्हाला ते स्तोत्र पुन्हा नव्यानं भेटलं.

दुसऱ्या आठवड्यापासून दिवसाला एक वचन. आधी बघून म्हणायचं, मग कागद उलटा ठेवून. नवं वचन घेताना पहिल्यापासून म्हणत यायचं, म्हणजे साखळी तुटत नाही. लिहिता येणाऱ्यांनी हातानं लिहून काढायचं. ज्यांना येत नाही त्यांना दुसरीनं ऐकवायचं, माझ्या आजीच्या बायबल बाईसारखं. उतारा पूर्ण झाला की सोडून द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं पुन्हा म्हणायचा. यामागे शास्त्रही आहे बरं का! हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिलं, की शिकलेलं आपण सुरुवातीला फार वेगानं विसरतो, नंतर तो वेग कमी होतो. एका बैठकीत पन्नासदा घोकण्यापेक्षा थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानं केलेली उजळणी जास्त टिकते. आणि बघून वाचण्यापेक्षा न बघता आठवायचा प्रयत्न केला, अडखळलो, पुन्हा आठवलं, की ते पक्कं बसतं. आजीची पदराची गाठ ही त्यातलीच.

वेळ कुठून आणायचा, असं सगळ्याच विचारतात. वेगळा वेळ काढायचाच नाही! नळाला पाणी आलं, हंडा भरेपर्यंत एक वचन. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एक. कंपनीच्या बसमध्ये चाकणच्या ट्रॅफिकला तर तोटाच नाही, अख्खा अध्याय होतो. आमच्यातली एक मशीनवर सुटे भाग तपासते, ती म्हणते, ‘हात तपासतात आणि मन उजळणी करतं.’

आणि सावकाश म्हणायचं. आजीचं ऐकायला मला तीस वर्षं लागली. बायबलमध्ये पहिल्याच स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाचं वर्णन आहे. तिथला मूळ हिब्रू शब्द ओठांशी हळू पुटपुटण्याचा आहे, असं जाणकार सांगतात. तोच शब्द दुसरीकडे पारव्याच्या घुमण्यासाठी येतो. मला हे कळलं तेव्हा डोळ्यांपुढे आजीच आली. दुपारी ओट्यावर बसून गहू निवडताना तिचा आवाज अगदी तसाच घुमायचा. मनन म्हणजे डोळे मिटून पद्मासनात बसायचं, असं मी समजत होते. आजीनं सुपातले खडे वेचता वेचता जन्मभर मनन केलं!

आणि हे काम मुळात बायकांनी घराघरांत जपलेलं आहे. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच्या विश्वासाचं श्रेय आजी लोईस आणि आई युनीके यांना दिलंय, दोघींची नावं घेऊन. तुमच्या घरी पसायदान कुणी शिकवलं? शुभंकरोती कुणी शिकवली? बुद्धवंदना, कुराणातल्या आयती कुणाच्या मांडीवर पाठ झाल्या? उत्तर बहुतेक एकच येईल. मग आपण मुलांना नऊ ओव्यांचं पसायदान देतो तेव्हा त्यात ज्ञानेश्वर कुणासाठी काय मागतात, हेही सांगायला नको का? दुष्टांचं वाईट व्हावं असं मागत नाहीत, त्यांचा दुष्टपणा जावा असं मागतात. हे कळलेलं मूल आणि न कळता गडगडाटी आवाजात म्हणणारं मूल, दोघांच्या पाठांतरात फरक पडणारच.

या रीतीचा कस लागला तो २०२० मध्ये. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लॉकडाउन लागला आणि कंपन्या बंद झाल्या. खोल्यांमधली माणसं मिळेल त्या वाटेनं गावाकडे निघाली. आमचा गट विस्कटला. धान्याची पाकिटं करणं, कुणाचं भाडं थकलं तर घरमालकाला विनवणं, दिवसभर तेच चालायचं. रात्री नऊ वाजता आम्ही एकमेकींना फोन करायचो आणि उतारा म्हणून दाखवायचो. एक वचन तिनं, एक मी. गटातल्या एकीचा नवरा त्या वर्षी कोरोनानं गेला. तिला शेवटचं भेटताही आलं नाही. महिनाभर ती फोनवर काही म्हणत नसे. मी म्हणायचे, ती ऐकायची. तिनं म्हणावं असा आग्रह मी धरला नाही, आणि ‘धीर धर’ असंही म्हटलं नाही. एका रात्री मी एकशे एकविसाव्या स्तोत्रात चौथ्या वचनाशी थांबले, पाणी प्यायला म्हणून. पलीकडून तिनं पाचवं म्हटलं. आम्ही दोघी पुढे काही बोललो नाही, आठव्यापर्यंत म्हणत गेलो आणि फोन ठेवला.

म्हणून सांगते, पाठ केलेलं आपल्या मालकीचं असतं. डोळे गेले, वीज गेली, फोनचं चार्जिंग संपलं, खोली बदलली, तरी ते सोबत येतं. पण ते पूर्ण असलं पाहिजे, अर्थासकट असलं पाहिजे. नाहीतर दुसरं कुणीही त्यातला सोयीचा तुकडा काढून आपल्याच डोक्यात मारतं. आणि आपणही, अगदी चांगल्या मनानं, तो दुसरीच्या डोक्यात मारतो.

आणखी एक. वचन हे औषधाच्या आणि कायद्याच्या जागी वापरायचं नाही, हा आमच्या गटाचा नियम आहे. कुणी मार खाऊन आली, तर आधी दवाखाना. मग १८१ ही महिलांची हेल्पलाइन, जिवावरचं असेल तर ११२, आणि संरक्षण अधिकारी. कुणाला आठवडेन् आठवडे झोप नाही, जगावंसं वाटत नाही, तर डॉक्टर. प्रार्थना करायला आम्ही तिच्यासोबत असतोच, अगदी पोलीस चौकीच्या बाकड्यावरसुद्धा.

आणि ती? ती आज चाकणच्या एका कंपनीत कामाला आहे. दोन्ही मुलं शिकली. डावा हात पावसाळ्यात अजून दुखतो. पुष्कळ वर्षांनी मी एकदा धीर करून तिची माफी मागितली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘ताई, तुम्ही खोटं नव्हतं दिलं. अर्धंच दिलं होतं.’ आणि पुन्हा मेथीच्या काड्या मोडायला लागली. माफ केलं की नाही, ते काही तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मोशीच्या गटात प्रीतीचा अध्याय आता तीच शिकवते. मागच्या गुरुवारी एक नवी मुलगी आली होती. लग्नाला चारच महिने झालेली, संडे स्कूलमध्ये शिकलेली, माझ्यासारखीच चुणचुणीत. ‘मला येतं हे!’ म्हणाली आणि तिनं थेट सातवं वचन घडाघडा सुरू केलं.

‘थांब,’ ती म्हणाली. ‘सातवं नंतर. आधी पाचवं आणि सहावं म्हण.’

मी कोपऱ्यात बसून वहीत हजेरी मांडत होते. मान वर केली नाही.